दहापैकी किती भेव

टाळेबंदी लागली आणि मी शिकवत होते ते गणिताचे क्लास बंद पडले. नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत नवऱ्याचं ऑफिस आणि मुलीची शाळा दोन्ही येऊन बसली. मला बाल्कनी उरली. तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी दीड वर्ष लोकांना त्यांची भीती विचारली.

काम एका महाविद्यालयातल्या डॉक्टरबाईंचं होतं. दर पंधरा दिवसांनी त्याच चाळीस घरांना फोन करायचा आणि तेच प्रश्न विचारायचे. या आजाराची भीती किती वाटते, शून्य ते दहामध्ये सांगा. गेल्या आठवड्यात बाहेर पडताना मास्क लावला का: नेहमी, कधी कधी, की कधीच नाही. हात धुता का, गर्दीत गेलात का. लोकांच्या मनातली भीती आणि त्यांचं वागणं कसं बदलत जातं, हे बाईंना पाहायचं होतं. नियम कडक होते. नाव विचारायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, स्वतःचं मत सांगायचं नाही.

मला वाटलं होतं, लोक वैतागतील. पण बहुतेकांकडे वेळच वेळ होता. एका निवृत्त गृहस्थांनी भीती साडेसात सांगितली. पूर्ण आकडा सांगा म्हटलं, तर सात कमी होतात आणि आठ जास्त, म्हणून ते अडून बसले. कळमेश्वरच्या कारखान्यात जाणारी एक बाई म्हणाली, कंपनीच्या बसमध्ये बसले की दहा, उतरले की दोन. मी सहा लिहिलं आणि दिवसभर अपराधी वाटत राहिलं.

या चाळीस घरांत उमरेडचे एक म्हातारे विणकर होते. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. फोन उचलला की मागे हातमागाची खटखट ऐकू यायची, मग ती थांबायची. पहिल्या फोनला त्यांनी भीती शून्य सांगितली. दुसऱ्याला शून्य. तिसऱ्यालाही शून्य. मास्क मात्र नेहमी, हात नेहमी, गर्दीत कधीच नाही. बाईंनी मला सांगितलं, हे उत्तर जुळत नाही. ज्याला भीती नाही तो एवढी काळजी कशाला घेईल, एकदा नीट विचारा.

मी विचारलं. ते म्हणाले, "मी सारं करून राहिलो ना मॅडम. मंग भेव काहून वाटन?"

तेवढ्यात फोनवर एका बाईचा आवाज आला. त्यांच्या बायकोनं फोन हातात घेतला होता.

"खोटं सांगून राहिले ते. मास्क गळ्यात राह्यते त्यांचा. मी बाहेर निघाली का वर चढवतात."

त्या दिवशी मी "नेहमी" खोडून "कधी कधी" लिहिलं. पुढच्या वेळेपासून फोन स्पीकरवर असायचा. ते उत्तर द्यायचे, त्या तपासायच्या, आणि भांडण मिटलं की मी खूण करायची. मास्क त्यांच्या बायकोनंच शिवले होते, लुगड्याच्या उरलेल्या कापडाचे, काठासकट. असला काठाचा मास्क गळ्यात लोंबवून कसं चालेल, हा त्यांचा मुद्दा होता.

एकदा प्रश्न संपल्यावर त्या म्हणाल्या, "आमचं तं इचारते. तुले किती भेव वाटते वं?"

हे सांगायला बंदी होती. तोवर मला हे कोणी विचारलं नव्हतं, घरातसुद्धा नाही. मी आठ म्हटलं. त्या म्हणाल्या, आठ लई झाले, जेवत जा बरोबर.

मग एका फोनला विणकरांनी दहा सांगितले. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा विचारलं.

"दहा लिवा. अकरा राहिन तं अकरा लिवा."

त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि आदल्या आठवड्यात नातू झाला होता. त्याच सुमारास ते माल द्यायला नागपूरला जाऊन आले होते आणि बसमध्ये शेजारच्या सीटवरचा माणूस आजारी निघाला होता. हे कळल्यावर ते स्वतःच घराबाहेरच्या मागाच्या खोलीत राहायला गेले. ताट उंबऱ्याबाहेर ठेवलं जायचं. नातवाला त्यांनी अजून हातात घेतलं नव्हतं. किती दिवसांनी घ्यावं, हे ते मला विचारत होते. मला सल्ला देता येत नव्हता. मी आरोग्य केंद्राचा नंबर दिला आणि दोनदा वाचून दाखवला.

महिन्याच्या बैठकीत बाईंनी पडद्यावर आलेख दाखवला. त्या दिवसांत सगळ्यांची भीती खाली येत होती आणि एकच रेघ तळातून उठून सरळ वर गेली होती. नोंदीत चूक असेल, कोणीतरी म्हणालं. मी नातवाची गोष्ट सांगितली. बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. पुढच्या फेरीच्या अर्जात आकड्याखाली एक रिकामी ओळ आली: असं का वाटतं? मी विचारताना मात्र "काहून" असंच विचारायची.

पंधरा दिवसांनी फोन केला तर मागाची खटखट नव्हती. एक बाळ जिवाच्या आकांतानं रडत होतं आणि त्यावर ओरडून विणकर सांगत होते, केंद्रावर तपासणी झाली, काही निघालं नाही, वेगळं राहायचे दिवसही भरले, आता सकाळपासून हा त्यांच्याच मांडीवर आहे. मास्क लावला का, मी विचारलं. बायको मागून म्हणाली, "नाकावर आहे आज. लिव." त्या दिवशीच्या भीतीचा आकडा मला ऐकूच आला नाही. रकाना कोरा राहिला, आणि बाईंनीही तो तसाच ठेवला.

शेवटची फेरी प्रत्यक्ष भेटून करायची होती. त्या घरची परवानगी घेऊन मी हिवाळ्यात एसटीनं उमरेडला गेले. दारात एक ठेंगणी, गोरी बाई तांदूळ निवडत होती. मी नुसतं, घरी आहात का, एवढंच म्हटलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि आत हाक मारली, "आवं, आठवाली आली."

विणकर माझ्या कल्पनेपेक्षा निम्मे निघाले. आवाजावरून मी चांगला धिप्पाड माणूस धरून चालले होते. त्यांनाही मी म्हातारी वाटले होते, असं त्यांनी सांगितलं. मुलगी आणि नातू दोन दिवसांसाठी आले होते. नातू मागाला धरून उभा राहायचा आणि आजोबांनी मागाची पायाखालची पट्टी दाबली की खटक्यानं दचकून खाली बसायचा, मग हसत पुन्हा उभा. अर्ज भरायला दोन तास लागले, कारण प्रत्येक उत्तरावर दोघांचं वेगळं मत होतं आणि मुलीचं तिसरं. मग वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा विणकरांनी गुळाचा खडा पुढे केला.

पाचची बस चुकली. पुढच्या बसला सगळे मला सोडायला स्टँडवर आले, नातू खांद्यावर. बस हलली तेव्हा आजोबांनी त्याचा हात धरून हलवला. त्याला ते पसंत पडलं नाही. त्यानं हात सोडवून घेतला आणि स्वतःच्या मर्जीनं, भलत्याच बसला टाटा केला.