मैनाबाईला ओळखू आलेले गोरे

शेजारच्या प्लॉटवर बोअर घेत आहेत. डिझेलचा तो वास आला आणि मला बहात्तरच्या दुष्काळातलं धावडा गाव आठवलं.

तिथे बोअर घ्यायला पीटर आणि हेन्री हे दोन गोरे आले होते. घरातला पहिला बी.ए. म्हणून दुभाषा मी होतो. तरी गावासमोर मी हेन्रीला पीटर म्हणालो.

मेंढरं राखणारी मैनाबाई हसली. "भाऊ, ह्यो हेन्री हाय. पीटरच्या भुवया जुळलेल्या हायेत."

"मला दोघं सारखेच दिसतात."

"दोनशे मेंढरं तोंडावरून वळखते मी. हे तर दोघंच हायेत."

गाव हसलं. बाई काय म्हणाल्या, हेन्रीनं मला विचारलं. मला मैनाबाईचा फार हेवा वाटत होता. "पाणी कधी लागेल, विचारतेय," मी इंग्रजीत सांगितलं.

वडिलांनी मजुरी करून मला शिकवलं होतं. त्या दिवशी त्या इंग्रजीचा मी एवढाच उपयोग केला.