मोजणीच्या दिवशी रिकामी बस

आमच्या गावाची बस बंद पडली ती आमच्याच चांगुलपणामुळे. हे लिहिताना आजही माझं डोकं तापतं.

मंद्रूपचा रस्ता सोडून आत वळलं की बाभळींमधून जाणारी वाट आमच्या गावात येऊन संपते. सकाळी एकच बस यायची आणि मंद्रूपला जायची. भाजीच्या पाट्या, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या आणि कॉलेजच्या थांब्यावर उतरणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि माझी मैत्रीण, सगळे तिच्यात कोंबलेले असायचो. मैत्रीण माझ्यापेक्षा हुशार. तिला नर्स व्हायचं होतं. तिच्या वडिलांची अट एकच, बस आहे तोवर शिक.

आम्ही अकरावीत असताना आगारातून निरोप आला. गाव लहान, फेरी परवडत नाही, म्हणून प्रवासी मोजायला साहेब येणार. निरोप माझ्या वडिलांकडे आला, ते पंचायतीत सदस्य होते. त्यांना मोजणी दिसलीच नाही, पाहुणा तेवढा दिसला. संध्याकाळी पारावर त्यांनी सांगितलं, "उद्या गाडीत रेटारेटी करू नका. साहेबाला नीट बसाया मिळालं पायजे. ज्याला जायाचंच हाय त्यानं वडापच्या जीपनं जावा."

"व्हय, गावाची अब्रू हाय की," लोक म्हणाले.

घरी मी म्हणाले, "आप्पा, ते माणसं मोजायला येतायत."

"गप बस. तुला काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी साहेब आमच्याच घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी जेवले, वर घरी न्यायला चटणी मागूनही घेतली. मग बसमध्ये चढले. बसमध्ये आम्ही दोघीच. त्यांनी कागदावर दोन रेघा ओढल्या. मी सांगितलं, "साहेब, रोज पाय ठेवायला जागा नसते." ते म्हणाले, "मला दिसतं तेवढंच मी लिहितो." खाल्ल्या मिठाला जागायची रीत त्यांच्या खात्यात नसावी.

महिन्याभरात बस बंद झाली. वडील आगारात गेले, तेव्हा तिथल्या साहेबांनी त्यांना विचारलं, "त्या दिवशी कुठं होता सगळे?" यावर काय सांगणार? तुमचा मान ठेवत होतो, असं?

निवडणुकीत मात्र हेच गाव लहान नसतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीलाही न्यायला दारात गाडी येते. मत देताना आम्ही माणसं, शिकायला निघालो की परवडत नाही. मला याचा संताप येतो आणि तो जाऊ नये असंच वाटतं.

वडील मला रोज मोटरसायकलवरून सोडायला लागले. चूक त्यांनी कधी कबूल केली नाही, पण एक दिवस चुकवला नाही. मैत्रिणीच्या घरी गाडी नव्हती आणि पोरीनं जीपला लटकून जायचं नाही, असं ठरलं. ती बारावीला बसलीच नाही. अठरा पूर्ण झाली आणि तिचं लग्न लावलं.

सहा वर्षं आम्ही अर्ज केले. यंदा आगारानं पुन्हा मोजणीसाठी बस पाठवली. या खेपेला वडील दारोदार फिरले. ज्यांना कुठंच जायचं नव्हतं तेही सकाळपासून थांब्यावर उभे. बस आली तशी वडील सगळ्यांच्या आधी चढले आणि पुढच्या सीटवर बसले. मोजणीचे साहेब उभेच होते. वडिलांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मैत्रीण माहेरी आली होती. पोराला कडेवर घेऊन तीही चढली. कंडक्टर एकेकाला विचारत येत होता, कुठं? सगळे म्हणत होते, मंद्रूप. तिच्यापाशी आला.

"कॉलेज एक," ती म्हणाली.

कंडक्टरनं तिकीट दिलं. साहेबांनी कागदावर तिच्या नावाची रेघ ओढली.