बुडासकट

माझ्या मामाला अख्खी गल्ली ‘बुडासकट’ म्हणते. सार्वजनिक बागेत तीस वर्षं माळीकाम केलेला माणूस. कुणी अनोळखी रोप, वेल, अळंबी ओळखून घ्यायला आलं की हा खेकसणार, “बुडासकट आणा, नाहीतर आणूच नका!” फोनवर फोटो आला तर विचारूच नका, पाठवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. मला हा माणूस कधीच आवडला नाही. दोन शब्द गोड बोलायला याचं काय जातं, असं वाटायचं.

त्या रविवारी आईला अंगणातल्या झाडाखाली अळंब्या दिसल्या. पांढऱ्या, टपोऱ्या. घरात माती नको म्हणून तिने त्या सुरीने अगदी जमिनीलगत कापून आणल्या, आणि कढईत टाकण्याआधी मोठ्या कौतुकाने मामाला फोटो पाठवला.

आमची ताटं मांडून झाली होती. आई नेहमीसारखी ओट्यापाशीच होती. तेवढ्यात मामा दारात सायकल टाकून आत घुसला.

“कुणी खाल्लं का? एक घास तरी?”

“अजून वाढलंच नाही,” आई म्हणाली.

त्याने कढई उचलली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात उपडी केली. माझं डोकंच फिरलं. “मामा, ही काय पद्धत झाली?”

आईचाही आवाज चढला. “माझ्या घरात येऊन माझं अन्न फेकतोस?”

“ताई, बूड कुठंय यांचं?”

“जमिनीत! माती कोण धूत बसणार?”

तो तरातरा अंगणात गेला आणि आईने कापलं होतं तिथेच खुरप्याने उकरायला लागला. एक खुंट निघाला. त्याच्या तळाशी अंड्याच्या फुटक्या टरफलासारखी पांढरी पिशवी होती.

“ही पिशवी म्हणजे विषाची खूण. आणि तुम्ही शहाणे नेमकी हीच मातीत ठेवून येता! फोटोत काय दिसणार, कप्पाळ?”

मग तो पायरीवर बसला.

“एका बाईला मी नुसता फोटो बघून सांगितलं होतं. खा म्हटलं, बिनधास्त.”

एवढी वर्षं तो कुणावर चिडत होता ते मला तेव्हा कळलं. आई त्याच्या शेजारी टेकली.

“वाचली का रे ती?”

“ती वाचली. सगळ्यांना वाढून शेवटी बसली होती. तिच्या वाटणीला काही उरलंच नव्हतं.”