खंदकनाना

आमच्या नानांनी पहिलं महायुद्ध वर्गात कधी शिकवलं नाही. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात कोणाच्या शेतात पाइपलाइनसाठी चर खणला, की ते नववीच्या पोरांना त्यात उतरवत आणि तास संपेपर्यंत उभं करत. "वर डोकं काढायचं नाही. हेच ते युद्ध," म्हणत. पोरं त्यांना खंदकनाना म्हणू लागली. काकू करवादत, "पोरेसले शाळामा शिकाडा, चिखलमा कायले उतारतस?"

नाना माझे चुलते. त्यांच्या आजोबांचे धाकटे भाऊ, दगडूआबा, त्या युद्धात फ्रान्सला गेले होते. पत्ता लागत नाही, एवढाच सरकारी निरोप आला. दगडूआबांच्या आईने विचारलं, "मरना आसं कोन्ही दखं का?" पाहणारा कोणी नव्हता. मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या घागरी भरताना त्यांची भरायची नाही, असं ठरलं. जिवंत माणसाची घागर कशी भरणार?

पुढे ते कोणी मोडलं नाही. घरच्या लग्नपत्रिकांतही दगडूआबांच्या नावामागे 'कै.' लागलं नाही. माझ्या लग्नाच्या वेळी छापखानेवाल्याने विचारलं, "या आबांचं वय काय हो?"

"शंभरच्या पुढे," नाना म्हणाले.

"मग मांडवात पुढची खुर्ची ठेवा."

मी हसलो. नाना हसले नाहीत.

निवृत्तीनंतर ते धुळ्याहून त्या युद्धावरची पुस्तकं आणून वाचत राहिले. गेल्या वर्षी चैत्रात त्यांनी मला हाक मारली. मांडीवर पुस्तक मिटलेलं होतं.

"अरे, आपण भलतंच विचारत बसलो. तोफेचा गोळा काय एकट्यावर पडतो? शेजारी उभा होता, तोही तिथेच गाडला गेला. पाहिलं असेल त्याने. सांगायला कोण येणार?"

मग ते म्हणाले, "इतकी वर्षं पाणी नाही दिलं आपण त्यांना."

त्या आखाजीला नानांनी दगडूआबांची घागर स्वतः भरली. वर खरबूज ठेवलं, नाव घेतलं. पाणी ओट्यावर सांडलं. काकूंनी ते पुसलं नाही.

श्रावणात नाना गेले. दुपारची वेळ होती, मी उशाशी होतो. श्वास थांबला तो मी पाहिला. बाहेर येऊन काकूंना सांगितलं. त्या खाली बसल्या. लोक जमले, रडले. मी भिंतीला टेकून उभा होतो.

यंदा आखाजीला नानांची घागर मी भरली. मरताना कोणी पाहिलं का, असं कोणी विचारलं नाही.