डेल्फीन बुलकचा अर्ज आणि पान एकतीस

गरजवंताला अक्कल नसते, असं तुम्हीच म्हणता ना? मग एखाद्या गरजवंत बाईने अक्कल दाखवलीच, तर तुमच्या पोटात का दुखतं?

डेल्फीन बुलकला अक्कल होती, तोंडही होतं. नव्हतं ते घर. अमेरिकेतल्या डरहम शहरात बावीस वर्षं ती शाळेची पिवळी बस चालवत होती. मागे पन्नास पोरं दंगा करायची, ही आरशातून एकदा बघायची, की चिडीचूप. तिथल्या पाईन हॉलो मोहल्ल्यात एकाच भाड्याच्या घरात तिची एकोणीस वर्षं गेली. म्हातारा मालक वारला, पोराने घर एका कंपनीला विकून टाकलं, आणि कंपनीने दाराला कागद चिकटवला: साठ दिवसांत खाली करा. जुन्या तंबाखूच्या गोदामांत आता काचेचे फ्लॅट झालेत, तिथली माणसं कुत्र्याला बाबागाडीतून फिरवतात. त्या भावात डेल्फीनला मोहल्ल्यात कोंबडीचं खुराडं मिळालं नसतं.

राहिला आमचा जमीन-ट्रस्ट. तिथे जमीन ट्रस्टची, वरचं घर तुमचं. जमिनीचा करार नव्याण्णव वर्षांचा. घर विकायचं झालं तर ठरल्या भावातच विकायचं, म्हणजे पुढच्या गरिबाला ते परवडेल. अशी अकरा घरं झाली होती, आणि बारावं कोपऱ्यावर तयार होतं, हिरव्या ओसरीचं.

पण बारा वर्षांपूर्वी चर्चच्या तळघरात ट्रस्टची पहिली सभा झाली, तेव्हा याच डेल्फीनने उभं राहून सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "आपले पणजे गोऱ्यांची कुळं होते. आता तुम्ही आपल्याच माणसांना कुळं करताय, मिस ऑडेसा! खिडकीला पडदे लावले म्हणून कूळ मालक होत नाही!"

मिस ऑडेसा थॉर्प म्हणजे ट्रस्टची आई. चर्चच्या जेवणात पंगतीला वाढणारी तीच. त्या दिवसापासून डेल्फीनची ताटली पुढे आली की तिच्या हातातला वाढायचा डाव पातेल्यात परत जायचा. आणि आता घर कुणाला द्यायचं ते ठरवणाऱ्या पाच जणांच्या कमिटीवर तीच अध्यक्ष.

डेल्फीनने नाक मुठीत धरून अर्ज भरला. पगाराचे कागद दिले, चार शनिवार वर्गाला बसली, गळणारा नळ कसा दुरुस्त करायचा ते एका विशीतल्या पोरीकडून शिकली. शेवटी उरलं पत्र. आमच्या ट्रस्टची रीतच आहे ती: करार वाचायचा, आणि मग स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं, की जमीन माझी नाही हे मला कळलं आहे. ते पत्र कमिटीपुढे मोठ्याने वाचतात. बहुतेक लोक आधीच्याचं उतरवून काढतात. करार वाचतो कोण? आपल्याच माणसांनी केलेला कागद सहीआधी वाचायचा, म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना चोर म्हणण्यासारखं. पाईन हॉलोत न वाचता सही करायचा शिरस्ताच पडला होता.

डेल्फीनने मात्र वाचला. सकाळची पोरं सोडली की दुपारच्या फेरीपर्यंत रिकाम्या बसमध्ये, हातात पेन घेऊन, बावन्नच्या बावन्न पानं. त्याला कारण होतं. तिच्या आजोबांची शेजारच्या ग्रॅनव्हिलला साठ एकर जमीन होती. आजोबांनी मृत्युपत्र केलं नाही. म्हणायचे, काळा माणूस कोर्टाची पायरी चढतो जमीन घेऊन आणि उतरतो मोकळ्या हाताने. झालं भलतंच. जमीन नऊ वारसांत न वाटता राहिली, न्यूअर्कच्या एका चुलत्याने आपला नववा हिस्सा परक्याला विकला, तो परका वाटणीसाठी कोर्टात गेला, आणि कोर्टाने सगळीच्या सगळी जमीन लिलावात काढली. डेल्फीन तेव्हा नऊ वर्षांची. तेव्हापासून ती औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचते.

पान एकतीसवर ती थांबली. तिथे लिहिलं होतं, की ट्रस्ट कधी बंद पडला, तर जमिनीचं काय करायचं ते त्या वेळचं मंडळ योग्य वाटेल तसं ठरवेल.

"योग्य वाटेल तसं!" तिने लेकीला, जोनेलला, फोनवर वाचून दाखवलं. "म्हणजे उद्या पाच टाळकी बसतील आणि खालची जमीन त्या कुत्रेवाल्यांना विकून मोकळी होतील."

"मम्मा, तुझे सतरा दिवस उरलेत," जोनेल म्हणाली. "आधी किल्ली हातात घे. मग काय बोंब मारायची ती मार."

"किल्ली घेतल्यावर मारलेली बोंब कोण ऐकतं गं?"

"आणि आधी मारलीस तर किल्ली कोण देतं?"

डेल्फीनने फोन आपटला.

गुरुवारी सहा वाजता, त्याच तळघरात, कमिटी बसली. ट्रस्टचे संचालक कॅल्विन स्पेट, टाय लावलेले, हसतमुख. त्यांनी पत्र उघडलं आणि वाचू लागले. "जमीन माझी नाही, ट्रस्टची आहे, हे मला कळलं. ट्रस्ट बुडाला तर ती कुणाची, हे मला कळलेलं नाही. पान एकतीस बघा. ते बदलल्याशिवाय..."

स्पेट यांचं हसू वाळलं. "मिसेस बुलक, हे पत्र ठरल्या नमुन्यात नाही."

"प्रश्न पण ठरल्या नमुन्यातच विचारायचा का?"

"हे कलम सगळीकडे असतं. नुसती औपचारिकता."

"माझ्या आजोबांचा लिलाव पण औपचारिकताच होता, साहेब. साडेतीन मिनिटांत आटपला."

"बाई, तुम्ही इथे घर मागायला आलात की आम्हाला शिकवायला?" टेबलाच्या टोकाचा एक जण म्हणाला.

"घर मागायला. पण आंधळेपणाने नाही."

"बघा, हा असा स्वभाव," तो शेजारणीला म्हणाला, डेल्फीन तिथे नसल्यासारखा.

मिस ऑडेसाने चष्मा चढवला. "कॅल्विन, पान एकतीस काढ."

"मिस ऑडेसा, नंतर बघू की..."

"काढ म्हटलं ना."

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. अकरा घरांतलं पहिलं घर तिचं, त्या कराराखाली पहिली सही तिची, आणि ती तिने न वाचता केली होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला.

"हे कुणी घातलं?"

"नमुन्यातच होतं," स्पेट पुटपुटले.

"बारा वर्षं मी लोकांना सांगतेय, की आपली जमीन कुणी विकू शकत नाही. म्हणजे बारा वर्षं मी खोटं बोलतेय!" मग ती डेल्फीनकडे वळली. "आणि तू. खूश झालीस ना?"

"पंधरा दिवसांनी मी रस्त्यावर येणार आहे, मिस ऑडेसा. खूश कशी होऊ?"

मतं तिथेच, तिच्या तोंडावर घेतली. ऑडेसा म्हणाली, "मला ही बाई डोळ्यांसमोर नको. पण घर हिला द्या." आणखी एक हात वर आला. बाकीचे तीन टेबलावरच राहिले. हिरव्या ओसरीचं घर एका तरुण जोडप्याला गेलं, भली माणसं आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. डेल्फीनला आलेल्या पत्रात लिहिलं होतं: एकत्र राहण्यास पूरक वृत्ती दिसून आली नाही.

एकत्र राहण्यास! एकोणीस वर्षं याच मोहल्ल्यात राहिलेल्या बाईला!

डेल्फीन हमरस्त्यापलीकडे जोनेलच्या दोन खोल्यांत गेली. सोफ्यावर झोपते, बसच्या डेपोत पोचायला दोन बस बदलते. दीड महिन्याने एका दुपारी डेपोच्या फाटकाशी मिस ऑडेसा उभी. हातात कागद.

"नवं पान एकतीस. अकरा घरं, शिवाय ते नवं जोडपं, सगळ्यांच्या सह्या व्हायच्यात. आधी तू वाच."

"माझी वृत्ती पूरक नाही म्हणे."

"नाहीच आहे. वाच."

डेल्फीनने बसच्या पायरीवर बसून वाचलं. ट्रस्ट बंद पडला तर जमीन शक्यतो अशाच दुसऱ्या ट्रस्टला जाईल, विकली जाणार नाही. तिने पेन काढून 'शक्यतो' खोडला. "हा शब्द जिवंत राहिला तर सगळं पान मेलं."

"कॅल्विन कुरकुर करेल."

"करू दे. तुम्ही आहात ना डाव घेऊन."

ऑडेसाने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. "तुझे आभार मानणार नाही मी."

"मागितले कुणी?"

तो शब्द आता करारात नाही. तेराव्या घराचा पाया घातलाय, डेल्फीनने पुन्हा अर्ज केलाय, आणि टेबलापलीकडे तेच पाच जण आहेत.

तुम्ही कधी अशा टेबलाच्या आतल्या बाजूला बसाल. कुठल्या ना कुठल्या कमिटीत प्रत्येक जण कधी तरी बसतोच. समोरून एखादी बाई चढ्या आवाजात कागदावरचं एक पान दाखवेल. तिचा स्वभाव नंतर बघा. आधी ते पान वाचा.