गाढवाच्या पाठीवरची फट

ताईंना एका जागी बसवत नव्हतं. वकीलबाईंच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. त्या एकीवर बसत, उठत, खिडकीशी जात, पुन्हा दुसरीवर बसत. मांडीवरच्या पिशवीतून नव्या वहीचं कव्हर डोकावत होतं. कव्हरवर डोक्यावर बादली घातलेलं गाढव.

गाढव ताईंचं होतं. आजारी पडलेल्या पुतणीसाठी एका रविवारी घरच्या टेबलावर त्यांनी ते काढलं. पोरगी इतकी हसली की ताईंनी त्या गाढवाची अख्खी गोष्टच रचली. एका प्रकाशिकेला ती आवडली. फक्त नक्कल काढायला म्हणून ताईंनी ते पहिलं चित्र छापखान्यात नेलं, आणि तिथेच चुकलं. मालकांनी ते उचललं, "राहू दे माझ्याकडे," म्हणाले, आणि पुढे त्या गाढवाच्या वह्याच बाजारात आल्या.

ताईंचं अर्धं आयुष्य त्या छापखान्यात गेलं होतं. शाळांच्या भिंतींवरच्या तक्त्यांत जी फळं, पक्षी, वाहनं असतात, ती त्यांच्या हातची. त्यांनी जाब विचारला तेव्हा मालक खुर्चीतून हललेही नाहीत.

"ताई, पगार कोण देतं? मी. हात माझ्याकडे कामाला, मग हातातून निघालं ते माझंच की. आणि आठवा जरा, माझ्याच काचेच्या टेबलावर बसून काढलंय तुम्ही ते. मी बघितलंय."

"धादांत खोटं बोलताय!"

"मग सिद्ध करा."

ते ऐकून प्रकाशिका बिचकली. गाढव कोणाचं ते आधी ठरू दे, म्हणाली. नाहीतर पुस्तक राहिलं. म्हणून ताई वकीलबाईंकडे आल्या होत्या.

"मी कुठे नोंदणीबिंदणी केलेली नाही हो," त्या म्हणाल्या. "तिथेच मेले मी."

"नाही मेलात. चित्र काढलंत त्या क्षणी हक्क तुमचा झाला. नोंदणी असती तर पुराव्याला बरं पडलं असतं, एवढंच."

"म्हणजे उद्या दुसऱ्या कोणी गाढवाच्या डोक्यावर बादली घातली तर?"

"घालू दे की. कल्पना कोणाच्या मालकीची नसते. पण हे गाढव, हे असे कान, ही अशी नजर, ती रेघ तुमची. ती उचलता येत नाही."

ताईंचा जीव जरा भांड्यात पडला. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो विचारायचा नव्हता.

"आणि तक्त्यावरची फळं?"

"ती नोकरीत, नोकरीचं काम म्हणून काढलीत. वेगळा करार नसेल, तर ती त्यांची."

"सगळी?"

"सगळी. म्हणून तर मालक टेबलाचं बोलतायत. गाढव नोकरीतलं ठरलं की तेही त्यांचं."

ताई पुन्हा खिडकीशी गेल्या. खाली शाळा सुटली होती. त्यातल्या प्रत्येक पोराने त्यांचं सफरचंद पाहून सफरचंद म्हटलं असेल, आणि ते सफरचंद त्यांचं नव्हतं. राग कुठे ठेवावा ते कळेना, तेव्हा त्यांनी तो वहीवर काढला.

"निदान छापायच्या आधी डाग तरी खरवडायचे! लाज काढली माझी."

"कसले डाग?"

"हे काय. पाठीवर, पोटावर, बादलीच्या काठावर. घरच्या टेबलाच्या दोन फळ्यांमध्ये फट आहे. रेघ तिच्यावरून गेली की टाकाचं टोक खाली दबतं आणि शाईचा ठिपका पडतो. मी नेहमी पात्याने खरवडते. याचं राहून गेलं."

वकीलबाईंनी कव्हरवर पट्टी ठेवली. सगळे ठिपके एका सरळ रेषेत आले.

"आणि काचेच्या टेबलाला फट असते का हो, ताई?"

ताईंचं तोंड उघडं राहिलं. दुसऱ्याच क्षणी त्या किंचाळल्या, "अगं बाई! लांबी!" आणि पिशवी तिथेच टाकून धावत सुटल्या.

झालं होतं असं की वर्षानुवर्षं त्या फटीवरून त्यांनी नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं. निवृत्त झाल्यापासून त्याला घरात स्क्रू पिळायचा नाद लागला होता, आणि आज सकाळीच तो लाकडाच्या फटी बुजवायच्या लांबीचा डबा घेऊन आला होता.

ताई दारातूनच ओरडल्या, "अहो, हात लावू नका!"

नवरा टेबलाशी ओणवा होता. अर्धी फट भरून झाली होती. "बघ, कशी बुजवली! आता बोल."

"काढा ती! आधी काढा!"

"अगं, इतकी वर्षं भर भर म्हणून जीव खाल्लास..."

"माझं गाढव आहे त्यात!"

त्याने बायकोकडे पाहिलं, फटीकडे पाहिलं, आणि आणखी काही न विचारता स्वयंपाकघरातून दोन सुऱ्या आणल्या. लांबी अजून ओली होती. दोघं भरलेल्या भागाच्या दोन टोकांनी खरवडत मध्यापर्यंत आली.

पुढच्या आठवड्यात वकीलबाईंनी मालकांना मूळ चित्रासह ताईंच्या घरी बोलावलं. आपलंच टेबल जिंकणार अशा थाटात ते आले. ताईंनी कागद फळ्यांवर पसरला, थोडा सरकवला. एकेक ठिपका फटीवर येऊन बसला. मालकांनी फटीवरून बोट फिरवलं.

"याहून बरं टेबल घ्यायला काय झालं होतं तुम्हाला?" ते म्हणाले. चित्र ठेवून गेले. वह्या मागे घेतो असं दारातच वकीलबाईंना लिहून दिलं.

"आता तरी भरू का गं?" नवऱ्याने विचारलं.

ताईंनी नकारार्थी मान हलवली. त्या बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. मग कोरा कागद ओढला आणि त्या फटीवरच एक सफरचंद काढायला घेतलं.