यादीत पेशंट नसतो

"तुमच्याकडे पेशंटची एकही फाइल राहत नाही, असं सही करून द्या," आखातातल्या हॉस्पिटलचे मॅनेजर व्हिडिओ कॉलवर म्हणाले. मी लगेच हो म्हणणार होते. तेवढ्यात शेजारी बसलेल्या शाहीनने माझा हात दाबला. "मॅडम, आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप..."

"एक मिनिट, सर," मी म्हणाले.

सोलापुरात माझं मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं छोटं ऑफिस आहे. तिकडचे डॉक्टर रिपोर्ट बोलून रेकॉर्ड करतात, आम्ही बायका ते ऐकून टाइप करतो. तिकडे नवा नियम आला: पेशंटची माहिती देशाबाहेर साठवायची नाही. याला डेटा लोकलायझेशन म्हणतात. म्हणजे फाइल त्यांच्याच सर्व्हरवर राहणार, आम्ही इथून ती नुसती स्क्रीनवर उघडायची. तेही ऑफिसातूनच, मोबाइल बाहेर ठेवून.

आणि आमची सवय काय? शब्द कळला नाही की तेवढा तुकडा मोबाइलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचा. सगळ्यात जास्त उत्तरं यायची महादेवीची. ती मैंदर्गीला अंथरुणाला खिळलेल्या आईचं करत घरूनच टाइप करायची. औषधांची नावं तिला तोंडपाठ!

मी मॅनेजरसाहेबांना खरं ते सांगून टाकलं. ते भडकले, पण काम तोडलं नाही.

"सगळे तुकडे आजच डिलीट करा. आणि घरून काम बंद."

डिलीट केलं. मग महादेवीला फोन केला.

"ताई, मी काय चोरलं का वो? आईला टाकून रोज सोलापूरला कशी येऊ?"

मला रडूच आलं. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना पुन्हा गाठलं.

"सर, औषधांच्या नावांच्या यादीत पेशंट असतो का?"

"नाही."

"मग ती यादी घरून केलेली चालेल?"

"लेखी विचारा."

विचारलं. आठवड्याने उत्तर आलं, चालेल.

आता महादेवी बाजारात आलेल्या नव्या औषधांची नावं शोधून यादी करते, शाहीन ती समोर ठेवून रिपोर्ट टाइप करते. महादेवीचा पगार मात्र निम्म्यावर आला. "निम्मा तर निम्मा, हाय की," महादेवी म्हणते. मला ते ऐकवत नाही. तिचं पूर्ण काम मला वाचवता आलं नाही, हे खरंच. नियम आला की काय बंद झालं ते सगळे सांगतात. काय चालतं ते आपणच विचारावं लागतं, आणि तेही लेखी.